घटापटाची पहिली खटपट

दर्शनशास्त्र शिकायला निघालेल्या मराठी माणसाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे तो घाबरणार नाही. यात नवा शब्द जवळजवळ एकही नाही. पदार्थ, द्रव्य, गुण, कर्म, प्रमाण, पक्ष, वाद, जाती, उपाधी, माया, प्रकृती ही सगळी मंडळी ओळखीची, निम्मी तर स्वयंपाकघरातली. आणि घात होतो तो इथेच. जर्मनीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला ‘उपाधी’ हा शब्द भेटला की तो मुकाट्याने कोश उघडतो. आपण मान डोलावतो आणि पुढे वाचतो. तीन पानांनंतर ग्रंथकाराचं डोकं फिरलं असावं अशी शंका येऊ लागते.

मी अशी मान तीन महिने डोलावली. निवृत्तीनंतर एका शास्त्रीबुवांच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ते म्हणाले, ‘‘पदार्थ सात.’’ शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, ‘‘श्राद्धाचे का?’’ सगळे हसले, मीही हसलो. पण माझ्या मनातही मटकीची उसळ येऊन गेली होती हे आज कबूल करतो. पुढची मार्गदर्शिका माझ्या चुकांवरून तयार केली आहे, तेव्हा ती भरवशाची समजावी.

साहित्य

शंभर पानी वही, पेन्सिल, मोठं खोडरबर, झाकणाचा स्टीलचा डबा आणि त्यात बेसनाचा एक लाडू. परंपरेने उदाहरणाला घट आणि पट लागतात, म्हणजे मडकं आणि कापड. पण घट आता घरात नवरात्रातच बसतो आणि तेव्हा त्याला हात लावायची सोय नसते. म्हणून लाडू. पटासाठी खांद्यावरचा पंचा चालेल.

पुस्तक एकच आणा, अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’. सतराव्या शतकातलं, अगदी बारीक. बालांना सुखाने बोध व्हावा म्हणून लिहितो, असं ग्रंथकार आरंभीच सांगतो. वाचून हायसं वाटतं. मग टीकाकार ‘बाल’ कोण ते समजावतात: ज्याचं व्याकरण झालं, काव्य झालं, कोश पाठ झाला आणि न्यायशास्त्र तेवढं राहिलं, तो बाल. या हिशेबाने आपण अजून जन्माला यायचे आहोत. शिवाय पुस्तकाच्या नावातला ‘तर्क’ म्हणजे आपला तर्क नव्हे. अन्नंभट्टाने स्वतःच ‘दीपिका’ या टीकेत खुलासा केला आहे की इथे तर्क म्हणजे द्रव्य वगैरे पदार्थ, ज्यांचं प्रतिपादन करायचं ते. म्हणजे मुखपृष्ठावरच पहिली ठेच. जपून पुढे या.

कोश हवाच असेल तर भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती १९२८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली. ग्रंथ थोर आहे, पण तो संस्कृत शब्दाचा अर्थ संस्कृतात सांगतो. अडलेला एक शब्द घेऊन आत जावं आणि सात घेऊन बाहेर यावं. मराठीत दे. द. वाडेकरांनी संपादलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ आहे, तीन खंड, १९७४. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसला तर भाव न करता उचला.

पहिली पायरी: पदार्थ

डबा उघडा. लाडू पाहा. खाऊ नका.

पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, शब्दाने जे जे सांगता येतं ते. लाडू हे द्रव्य. त्याचा पिवळेपणा हा गुण. तो घरंगळतो ते कर्म. जगातल्या सगळ्या लाडवांत जे एक लाडूपण आहे ते सामान्य. एका परमाणूला दुसऱ्या परमाणूपासून वेगळं ठेवणारं, आणखी कशानेच न सांगता येणारं वेगळेपण म्हणजे विशेष. त्यावरूनच कणादाच्या दर्शनाला वैशेषिक म्हणतात. तेव्हा फोनवर ‘‘काय विशेष?’’ ‘‘विशेष काही नाही’’ असं आपण रोज म्हणतो ते एखाद्या वैशेषिकाच्या कानावर जाऊ देऊ नका. पिवळेपणा लाडवाला ज्या संबंधाने चिकटला आहे तो समवाय. लाडू डब्यात आहे तो नुसता संयोग, उचलला की सुटतो. पिवळेपणा तसा उचलून बाजूला ठेवता येत नाही.

द्रव्यं नऊ: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काळ, दिशा, आत्मा, मन. पैसा यात नाही, याची नोंद देणगीची पावती फाडणाऱ्यांनी घ्यावी. आकाश म्हणजे वरचं निळं काही नव्हे, शब्द हा ज्याचा गुण ते आकाश. सरकारने रेडिओला आकाशवाणी हे नाव दिलं ते वैशेषिकांना मुळीच खटकलं नसतं. काळोख हे दहावं द्रव्य मानावं, असं मीमांसकांचं म्हणणं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, छे, तो नुसता प्रकाशाचा अभाव. भारनियमनाच्या काळात मेणबत्ती शोधताना मी दोन्ही पक्ष तपासून पाहिले आहेत. गुडघ्याला टेबल लागतं तेव्हा मीमांसक बरोबर वाटतात.

पहिली पायरी, पुढे चालू: सातवा पदार्थ

आता लाडू खा.

डब्याकडे पुन्हा पाहा. जे दिसतं तोच सातवा पदार्थ, अभाव. जुन्या यादीत सहाच होते, हा मागाहून पंगतीला बसला आणि सगळ्यांत जास्त जागा त्याने अडवली. ‘काही नाही’ ही सुद्धा एक वस्तू आहे आणि तिचे चार प्रकार आहेत, हे ऐकून वर्गातले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पहिल्यांदा ताठ बसले. त्यांना ते लगेच पटलं.

लाडू वळण्याआधी त्याचा जो अभाव होता तो प्रागभाव. याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. यंदाच्या दिवाळीच्या लाडवांचा प्रागभाव अनादि काळापासून चालत आलेला आहे आणि तो धनत्रयोदशीला संपतो. नातू ‘‘अजून झाले नाहीत का?’’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो तेव्हा त्याच्या अस्वस्थतेला किती मोठी पार्श्वभूमी आहे, हे ध्यानात घेऊन त्याला रागावू नये. लाडू खाल्ल्यावर होतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. घरात पुन्हा लाडू झाले तरी ते दुसरे. हा गेला तो कायमचा गेला. एवढी हळहळ मी भल्याभल्या शोकसभांत ऐकलेली नाही.

तिसरा अत्यंताभाव: वाऱ्याला रंग नाही, नव्हता, नसणार. चौथा अन्योन्याभाव: लाडू म्हणजे पंचा नव्हे आणि पंचा म्हणजे लाडू नव्हे. हा सोपा वाटतो म्हणून याच्यावर वेळ घालवू नका. खरी मेख वेगळीच. लाडू खाल्ला नाही, नुसता ताटात काढून ठेवला, तर डब्यात जो अभाव उरतो तो कुठला? कोणी त्याला अत्यंताभावातच घालतात, कोणी सामयिकाभाव म्हणून निराळी पाटी लावतात. या प्रश्नावर आमचा एक पूर्ण गुरुवार गेला आणि घरी जाईपर्यंत ताटातलाही गेला.

अभाव कुणाचा, हे सांगावंच लागतं. नुसता ‘अभाव’ असं काही नसतं. ज्याचा अभाव तो त्याचा प्रतियोगी. इथे लाडू हा प्रतियोगी. हिंदी वाहिन्यांवर ‘प्रतियोगी’ टाळ्या घेत मंचावर येतात. शास्त्रातला प्रतियोगी जागेवर नसतो म्हणूनच प्रतियोगी असतो.

दुसरी पायरी: प्रमाण

डब्यात लाडू नाही हे तुम्हाला कशावरून कळलं? डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणालात तर तुम्ही नैयायिक. लाडू असता तर दिसला असता, तो मिळाला नाही म्हणून कळलं, असं म्हणालात तर भाट्ट मीमांसक, कारण ते अनुपलब्धी नावाचं स्वतंत्र प्रमाण मानतात. सरकारी संकेतस्थळावर ‘माहिती अनुपलब्ध’ असं येतं तेव्हा चिडायचं कारण नाही, ज्ञानाचं सहावं साधन हाती आलं आहे.

प्रमाण म्हणजे योग्य ज्ञानाचं साधन. ‘तूप प्रमाणात खा’मधलं प्रमाण वेगळं. चार्वाक एकच मानतात, प्रत्यक्ष. बौद्ध आणि वैशेषिक दोन, सांख्य तीन, नैयायिक चार, प्राभाकर मीमांसक पाच, भाट्ट आणि अद्वैती सहा. ही यादी पाठ करा, लग्नाच्या पंगतीत उपयोगी पडते. यातल्या उपमानासाठी, म्हणजे साम्यावरून ओळखण्यासाठी, गवय नावाचा गाईसारखा प्राणी रानात दिसावा लागतो. वर्गात तो कुणालाच दिसलेला नव्हता. आम्ही पुढे गेलो.

शब्दप्रमाणापाशी मात्र थांबा. आप्ताचं वाक्य हे प्रमाण, असं न्याय सांगतो. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. त्यामुळे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पहाटे आलेला काढ्याचा उपाय आपोआप शब्दप्रमाण होतो, आणि घराघरांत तो तसा मानलाही जातो. शास्त्रातला आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात तर साफ म्हटलं आहे की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखीच. या कसोटीला माझे किती आप्त उतरतात, हे मोजायला घेतलं होतं. बायकोने वही काढून घेतली.

तिसरी पायरी: धूर

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच. म्हणून त्यावर अग्नी आहे. शेकडो वर्षं हेच उदाहरण चाललं आहे आणि स्वयंपाकघर बिचारं साक्षीला उभं आहे. ‘‘पण आमच्याकडे धूर नसतोच, चिमणी बसवलीय,’’ काकू म्हणाल्या. हरकत नाही. धूर असेल तिथे अग्नी असतो एवढाच नियम, अग्नी असेल तिथे धूर असतो असा नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. गॅसच्या निळ्या ज्योतीचं तेच. उलटा नियम खरा व्हायचा तर मध्ये ओलं सरपण लागतं. न सांगता मध्येच घुसलेल्या आणि अनुमान बिघडवणाऱ्या या अटीचं नाव उपाधी.

‘‘ही काय नसती उपाधी!’’ काकूंच्या तोंडून निघून गेलं. शास्त्रीबुवांनी त्या दिवशी त्यांना शाबासकी दिली. आपण मराठी माणसं एवढा एक शब्द जवळपास बरोबर वापरतो. मात्र विद्यापीठ देतं ती उपाधी निराळी आणि वेदान्तातली आणखी निराळी. तिथे घट ही आकाशाची उपाधी. आकाश सगळीकडे एकच, पण घटामुळे त्याचा तुकडा वेगळा भासतो, घट फुटला की तुकडाही गेला. (सन्माननीय पदव्यांचा विचार इथे ज्याने त्याने करावा.)

या प्रकरणात डोंगर हा पक्ष. जिथे अग्नी नक्की आहे ते स्वयंपाकघर सपक्ष आणि जिथे तो नक्की नाही ते तळं विपक्ष. वर्तमानपत्र वाचताना ही व्याख्या लावून पाहू नका. मी एकदा लावली आणि अग्रलेख उलटा वाचून बसलो.

चौथी पायरी: कथेला बोलावणं

‘‘आज आपल्याकडे कथा आहे’’ असं एखादा नैयायिक म्हणाला तर शिरा मिळेल या आशेने जाऊ नये. न्यायात कथा म्हणजे दोन पक्षांची चर्चा. ती तीन प्रकारची. खरं काय ते कळावं म्हणून दोघांनी मिळून केलेली ती वाद. होय, वाद हा चांगला शब्द आहे. ‘‘माझ्याशी वाद घालू नकोस’’ असं मुलाला सांगणारा बाप शास्त्रदृष्ट्या त्याला सत्यशोधनाला मज्जाव करत असतो. जिंकण्यासाठी, वाटेल त्या युक्तीने केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचं काहीही न मांडता फक्त समोरच्याचं खोडायचं ती वितंडा. आपण दोन टोकं शिवून ‘वितंडवाद’ केला. न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमाला तो ‘उपाशी मेजवानी’सारखा ऐकू आला असता.

हे पाठ करत बसू नका, आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जा. पार्किंगचा विषय निघाला की साधारण चार मिनिटं वाद टिकतो. मग जल्प सुरू होतो. ‘‘मला स्वतःला काहीच म्हणायचं नाही, पण...’’ अशी सुरुवात करून जो उभा राहतो तो वैतंडिक. त्याचा राग करू नका. बियांच्या कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा असतात, अशी मुभा न्यायसूत्रांतच आहे. आमच्या सोसायटीत कुंपण भरपूर, अंकुर अजून दिसलेला नाही.

जल्पात छल चालतो. आपला छळ याच शब्दाचा वंशज, पण मूळ छल शब्दाचा असतो. एकजण सहज म्हणतो, याच्याजवळ नव कांबळं आहे. म्हणायचंय नवीन. दुसरा उसळतो, नऊ कुठे आहेत, मला तर एकच दिसतंय! बस, हा वाक्छल. छलाचे तीन प्रकार आहेत, आणि ‘जाती’चे चोवीस. या जाती दाखल्यावरच्या नव्हेत. वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर बेतलेल्या पोकळ उत्तराला इथे जाती म्हणतात. चोवीसांत मी शिरलो नाही, तुम्हीही शिरू नका.

त्यापेक्षा निग्रहस्थानं पाहा, म्हणजे माणूस हरला असं समजण्याच्या जागा. या बावीस आहेत आणि एकेक रत्न आहे. मूळ विधान गुपचूप बदललं की प्रतिज्ञान्तर. भलताच विषय काढला की अर्थान्तर. तेच तेच म्हणत राहिला की पुनरुक्त. उत्तर सुचलंच नाही की अप्रतिभा. आणि काम आहे असं सांगून चर्चा मध्येच सोडून निघाला, तर विक्षेप. म्हणजे ‘‘गॅसवर दूध ठेवलंय’’ म्हणून सभेतून सटकणाऱ्याची नोंद आपल्या पूर्वजांनी दीड हजार वर्षांपेक्षा आधी करून ठेवलेली आहे. आमच्या चिटणीसांना हे सांगितलं. त्यांनी इतिवृत्तात ‘विक्षेप: ३’ असं लिहायला सुरुवात केली.

उरलेल्या पायऱ्या, भराभर

माया. आजी लावते ती नव्हे. वेदान्ती तिच्यासाठी रज्जुसर्पाचं उदाहरण देतात: अंधुक उजेडात दोरी पडलेली, भासला साप. कोकणातल्या वाचकांनी हे उदाहरण व्यवहारात आणू नये. तिकडे दोरी समजून उचललेला बऱ्याचदा सापच निघतो.

पुरुष आणि प्रकृती. सांख्यांचा पुरुष काहीच करत नाही, नुसता पाहतो. सगळं प्रकृती करते. यावर जो विनोद तुम्हाला आत्ता सुचला तो सांख्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने करून झालेला आहे. तो करू नका. पुरुष म्हणजे इथे केवळ चैतन्य, काकूंमध्येही तोच आहे. सत्त्व, रज, तम हे गुण प्रकृतीला लागलेले नसतात, प्रकृती त्यांचीच बनलेली असते. दोरीला पीळ असतात तशी. गुण या शब्दाचा एक अर्थ दोरा, हे विसरलात की सांख्य हातचं गेलं. वैशेषिकांचे गुण चोवीस, ते मात्र खरोखर लागलेले. गुणपत्रिकेतले तिसरे.

नास्तिक. देव न मानणारा तो नास्तिक, हा आपला अर्थ. दर्शनांच्या वर्गवारीत वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक. त्यामुळे जग निर्माण करणाऱ्या ईश्वरावाचून काम भागवणारे मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत पहिल्या पाटावर, आणि रोज देरासरात जाणारे जैन शेजारी बाहेर. हे त्यांना सांगायला मी गेलो होतो. चहा मिळाला, पण साखर कमी होती.

धर्म. यावर बाहेर बोलायचं असेल तर आवाज खाली ठेवा. न्यायात धर्म म्हणजे वस्तूवर जे राहतं ते. डोंगरावर अग्नी असेल तर अग्नी हा डोंगराचा धर्म, संपला विषय. बौद्ध अभिधर्मात धर्म म्हणजे अनुभवाचे मूळ घटक, क्षणोक्षणी येणारे नि जाणारे. जैनांकडे तर धर्म हे एक द्रव्य आहे, गतीला साहाय्य करणारं, माशाला पाणी करतं तसं. आणि अधर्म म्हणजे थांबायला साहाय्य करणारं, वाटसरूला सावली करते तसं. त्या अर्थाने पुण्यात संध्याकाळी सहानंतर लक्ष्मी रस्त्यावर अधर्म माजलेला असतो, असं म्हटलं तर ते निखळ शास्त्रीय विधान आहे.

एक युक्ती राहिली. नव्य न्यायात शिरलात, म्हणजे मिथिलेच्या गंगेशाच्या मागे चौदाव्या शतकात गेलात, की प्रत्येक शब्दाला शेपूट फुटतं: घटत्व, घटत्वत्व, प्रतियोगितावच्छेदक. दम लागतो. अशा वेळी ‘त्व’ काढून ‘पण’ लावा. घटपण, लाडूपण, ज्याचा अभाव आहे त्याचं ज्याचा-अभाव-आहे-पण. शेवटचा हास्यास्पद दिसतो, पण कळतो. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला बसून असल्या ‘पणां’वर केवढा अद्वैतवेदान्त पेलला आहे, ते पाहा. मीपण, दुजेपण. शास्त्रीबुवांना ही युक्ती आवडत नाही. त्यांच्यासमोर ‘त्व’च म्हणा.

वर्ग सुरू झाला तेव्हा आम्ही एकतीस होतो. पदार्थांनंतर अठरा उरलो, धुरानंतर नऊ. आता काकू, ते बँकवाले आणि मी. गुरुवारी संध्याकाळी सहाला भरतो. फी नाही. यायचं असेल तर वही आणा आणि सहा जणांना पुरतील एवढे लाडू, कारण शास्त्रीबुवा उदाहरण दोनदा करून दाखवतात.